जुना भाग सात दिवस

१

यंत्रातून काढलेला जुना भाग सात दिवस टाकायचा नाही, हा पेचकसबाईचा नियम होता. नवा बसवला, दिवा लागला, गिऱ्हाईक खूश होऊन गेलं, की जुना लगेच कचऱ्यात फेकणारे कारागीर तिने पुष्कळ पाहिले होते. त्या सगळ्यांना तिच्याकडे एकच शब्द होता: उतावळे. नव्याचे नऊ दिवस असतात, पण नव्याची खोट सातांतच कळते, असं तिचं म्हणणं.

म्हणून जुना भाग पत्र्याच्या डब्यात जायचा. डब्यावर चिकटपट्टी, पट्टीवर वार आणि तारीख. सात दिवस नवा बिनतक्रार चालला, की ती हत्यारांचा सगळ्यात खालचा कप्पा उघडायची. तो कप्पा अडकायचा, गुडघ्याने एक धक्का द्यावा लागायचा. त्यातून हातोडी निघायची आणि जुन्यावर एकच घाव बसायचा.

"अर्धवट जिवंत ठेवू नये कशालाही," ती म्हणायची.

पेचकसबाई हे नाव गल्लीने दिलेलं. तिला कोणी शिकवलं नव्हतं आणि हे ती समोरच्याने न विचारताही सांगायची. चाळिशीत असताना, ती ज्या कचेरीत टंकलेखन करायची तिथे एक बिघडलेला संगणक भंगारात निघाला. तो तिने घरी आणला, भाजीच्या सुरीने उघडला आणि दीड महिन्याने सुरू केला. आता वय अडुसष्ट. लोक माळ्यावरून जुने पोर्टेबल संगणक काढून तिच्याकडे आणायचे. विटेएवढे जड, झाकण उघडलं की बिजागरी कण्हणार. ती पडद्यामागे नवा दिवा घालायची, बॅटरीत नवे सेल भरायची, घरघरणारी डिस्क काढून तिथे नखाएवढं मेमरी कार्ड बसवायची.

"बाहेरून आजोबा, आतून नातू," असं म्हणून यंत्र परत द्यायची. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी सोल्डरिंगच्या तापल्या सळईने भाजल्याची जुनी गुळगुळीत खूण होती. कोणी शंका काढली तर ती तो अंगठा त्याच्या नाकासमोर धरायची. ही माझी पदवी, म्हणायची.

२

घर तीन खोल्यांचं, एकामागे एक. पुढे बसायची खोली, मधे स्वयंपाकघर, मागे कामाची खोली. मागच्या खोलीत एका भिंतीला तिचं टेबल आणि त्याखाली पाच कप्पे. खिडकीशी नवऱ्याचं मेज.

नवरा वेधशाळेत नोंदी करायचा. चाळीस वर्षं रोज सकाळी आठला तापमान, वारा, ढग. निवृत्त झाल्यावर वेधशाळा सुटली, आठची वेळ सुटली नाही. एका जुन्या पोर्टेबल संगणकावर तो दिवसाची नोंद करायचा. त्याला तो 'वही' म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की विसरणं वाढत जाईल. तो घरी आला, चहा प्यायला आणि वहीच्या सुरुवातीला एक पान लिहून ठेवलं.

'हे तुमचं घर आहे. पेचकस घेऊन हिंडणारी बाई तुमची बायको. तिला अगं म्हणणे. ती फटकळ आहे, मनावर घेऊ नये. तिच्यावर विश्वास ठेवणे.'

"फटकळ काढ," ती म्हणाली होती.

"नोंद खरी असावी लागते."

"मग हेही लिही, की चाळीस वर्षांत तू एक कप धुतला नाहीस."

"ते विसरलो," तो म्हणाला, आणि दोघं हसली. या आजारावर त्यांनी केलेला तो पहिला विनोद.

आता रोज सकाळी तो उठायचा तेव्हा परका असायचा. स्वयंपाकघरात तिला बघून अदबीने म्हणायचा, "अहो बाई, जरा वाट देता?" मागच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा. मग डिस्क जागी व्हायची. खर्र, खर्र, टक. ती उकळत्या पाण्यासमोर उभी राहून ऐकायची. पाच मिनिटं. कधी सात. आणि मग आतून हाक यायची.

"अगं, चहा."

त्या 'अगं'साठी ती दिवसाची चोवीस तासांची चढण चढायची. हे तिने कोणाला सांगितलं नसतं, जीभ कापून दिली असती.

३

त्या वहीत सगळं नवं होतं. पडद्याचा दिवा, सेल, बिजागऱ्या, घड्याळाची बारकी बॅटरी, एकेक करून तिने सगळं बदललं होतं. जुनी अशी फक्त डिस्क उरली होती. तिला हात लावायला ती धजत नव्हती.

पण डिस्क मधेच अडखळायला लागली. खर्र, टक, टक, टक. हा आवाज पेचकसबाईला पाठ होता. असा आवाज करणारी डिस्क महिनाभराची पाहुणी. आणि डिस्क गेली की पहिलं पान गेलं. दुसरं लिहून चालणार नव्हतं. तिने एकदा तेच वाक्य कागदावर लिहून त्याच्या हातात दिलं होतं. त्याने ते दोनदा वाचलं आणि सभ्यपणे परत केलं. "बाई, हे कोणीही लिहू शकतं." माणूस बायकोला विसरला होता, पण स्वतःच्या नोंदीवरचा विश्वास तेवढा शाबूत होता.

म्हणून रविवारी दुपारी, तो झोपलेला असताना, तिने डिस्क काढली. नक्कल करताना एकच चूक जिवावरची असते: दिशा. रिकाम्यातून भरलेल्यात नक्कल केली, तर भरलेलं पुसलं जातं आणि ते ब्रह्मदेवालाही परत आणता येत नाही. म्हणून जिच्यातून घ्यायचं तिला ती लाल पट्टी लावायची, वर 'इथून' लिहायची. या वयात डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, पट्टीवर ठेवायचा. हाही नियमच.

डिस्कला लाल पट्टी. नक्कल पूर्ण. डिस्कचा सगळा ऐवज नव्या कार्डाच्या एका कोपऱ्यात मावला. एका माणसाच्या ट्रंकेसाठी हजार खोल्यांचं घर घेतल्यासारखं.

नवरा उठून मागे येऊन उभा होता. "एवढी रिकामी जागा कशाला?"

"राहू दे की," ती स्क्रू पिळत म्हणाली. "येईल कोणी राहायला."

डिस्क डब्यात गेली. डब्यावर पट्टी: रविवार.

४

सोमवारी वही मुकाट उघडली. खर्र नाही, टक नाही. चहाचं पाणी कधी ठेवावं हेच तिला कळेना. पण पाच मिनिटांनी हाक आली. "अगं, चहा." तिने कप नेला. त्याने घेतला, हसला, पहिल्या घोटाला नेहमीसारखं म्हणाला, "गोड जास्त." सगळं सुरळीत.

मंगळवारी हाक आली तेव्हा पाणी नुकतं उकळत होतं. ती कप घेऊन आत गेली तर त्याने मान वर केली.

"आत्ता तर दिलास."

"स्वप्नात दिला असेल."

"अगं, खरंच. आज बेताचा गोड होता."

विसरणाऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं. तिने कप मेजावर ठेवायला जागा शोधली, आणि तिथे कपाच्या बुडाचं ओलं वर्तुळ होतं. ताजं. बोट लावलं तर कोमट.

तिने स्वतःला समजावलं. ग्लास असेल. पण ग्लास तर पुढच्या खोलीत होता. मग ओला हात टेकला असेल. ओल्या हाताचं वर्तुळ होत नाही, हे तिला कळत होतं. तरी तिने फडक्याने ते पुसलं आणि विषय संपवला. संपवलेले विषय तिच्याकडे सहसा पुन्हा यायचे नाहीत.

५

बुधवारी दुपारी नवरा पुढच्या खोलीत आरामखुर्चीत घोरत होता. ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. मागच्या खोलीतून आवाज आला. टिण्. मग थोडं थांबून, टिण्.

हा आवाज साऱ्या घरात फक्त तिच्या हाताचा होता. यंत्र उघडताना निघालेला प्रत्येक स्क्रू ती चिनी मातीच्या बशीत टाकायची आणि नाकातल्या नाकात आकडा मोजायची. तिने सुरी खाली ठेवली. टिण्. आणि त्याच्यामागे, अगदी हळू, नाकातला आकडा. "हं... चार."

ती दार ढकलून आत गेली. खोली रिकामी. खिडकी बंद. बशीत चार स्क्रू होते. सकाळी बशी धुऊन पालथी ठेवल्याचं तिला पक्कं आठवत होतं. म्हणजे, बरंचसं पक्कं.

इथे ती पहिल्यांदा घाबरली. आवाजाने नव्हे. 'बरंचसं' या शब्दाने. एका घरात दोघं विसरायला लागली तर कोणी कोणाला धरायचं?

गुरुवारी ती बाजारातून परत येत होती तर शेजारची शिंपीण दारातच कमरेवर हात ठेवून उभी. शिंपिणीची खिडकी यांच्या मागच्या खिडकीसमोर यायची. तीस वर्षांचा शेजार आणि तीस वर्षांची नोकझोक.

"काय गं, आज एवढी गोड कशाने झालीस?"

"तुझी दृष्ट लागू नये म्हणून कडूच आहे मी."

"अगं, आत्ता खिडकीत उभी होतीस ना. मी हात केला, तर चक्क हसलीस. मी म्हटलं, सूर्य कुठून उगवला बघावा."

"आत्ता?"

"आत्ता म्हणजे आत्ता. सुईत दोरा ओवायला लागले आणि वर बघते तर तू इकडून पिशवी घेऊन." शिंपिणीचं बोलणं हळू झालं. तिने पेचकसबाईच्या चपलांकडे पाहिलं, त्यांच्यावर बाजारातला चिखल होता. "पळत आलीस का?"

"पळतच आले," पेचकसबाई म्हणाली. आयुष्यात ती क्वचित खोटं बोलली होती, आणि ते असं पटकन जमेल असं तिला वाटलं नव्हतं.

६

शुक्रवारी नवरा मागच्या खोलीत गेला, पाच मिनिटं झाली, सात झाली, दहा झाली. मग तो बाहेर आला. वही वाचून आलेला माणूस. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अहो बाई, दोन कप ठेवा हं. एक आमच्या हिला."

तो आंघोळीला गेल्यावर तिने वही उघडली. पहिलं पान.

'हे तुमचं घर आहे. मागच्या खोलीतली बाई तुमची बायको. तिला अगं म्हणणे. ती शांत आहे. तिच्यावर विश्वास ठेवणे. स्वयंपाकघरात एक बाई असते, तिला अहो म्हणणे.'

फटकळ गेलं होतं. तिला आधी तेवढंच दिसलं, हे नवल. जो शब्द काढ म्हणून ती भांडली होती, तोच आता ती पानभर शोधत राहिली.

पान उलटलं. नोंदी नवऱ्याच्या घाटाच्या होत्या, तुटक, वेधशाळेच्या वळणाच्या.

'रविवार. नवी बसवली. सोमवार. आवाज नाही. मंगळवार. चहा दिला. गोड बेताचा. बुधवार. स्क्रू मोजता येऊ लागले. गुरुवार. खिडकीत उभी राहिली. शेजारणीला पटली.'

तिने पहिलं पान पुसून जुनं होतं तसं लिहिलं. साठवलं. बंद करून उघडलं. पान पुन्हा ते नवं. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही.

कार्ड सदोष आहे, तिने मनाशी म्हटलं. नव्याची खोट सातांत कळते, ती ही कळली. नियम याचसाठी तर आहे. हे म्हटल्यावर जरा बरं वाटलं. पण सदोष कार्ड अक्षरं खातं, हे तिच्यातल्या कारागिराला ठाऊक होतं. सदोष कार्ड वाक्यं रचत नाही.

आंघोळीहून आलेल्या नवऱ्याचा तिने दंड धरला. "बघ माझ्याकडे. मी कोण?"

त्याने हात सोडवला नाही. फार सभ्य माणूस होता. "रागावू नका बाई," तो म्हणाला. "मी नवाच आहे इथे. आमच्या हिला विचारा, तिला सगळं माहीत असतं."

७

जुनी डिस्क अजून डब्यात होती. तिच्यात खरं पान होतं, फटकळसकट. सात दिवसांचा नियम नसता तर ती कधीच हातोडीखाली गेली असती. शनिवारी दुपारी पेचकसबाईने डबा उघडला तेव्हा तिला स्वतःच्या नियमाला नमस्कार करावासा वाटला.

सरळ डिस्कच वहीत घालावी, हा पहिला विचार. तिने ती आधी टेबलावर तारेला जोडून पाहिली. टक. टक. टक. मधेच फिरली, मधेच थांबली. कधीही जाईल. म्हणजे ती जिवंत आहे तोवर आजच्या आज कार्डावर पुन्हा नक्कल. कार्डही जोडलं. मागे दार आतून लावून घेतलं. का लावलं, तिला सांगता आलं नसतं, कारण जे नको होतं ते याच खोलीत असायचं.

लाल पट्टी बघितली. 'इथून.' पट्टीवाल्यातून दुसऱ्यात. कळ दाबली.

डिस्क फिरायला लागली, आणि फिरण्याचा तो आवाज ऐकून तिने कान टवकारले. पंचवीस वर्षांचा कान होता. डिस्क वाचताना वेगळी कुरकुरते, लिहिताना वेगळी. ही लिहीत होती.

तिने तार उपटली. उशीर झाला होता. एवढंसं तर सामान त्या डिस्कवर, किती वेळ लागणार.

लाल पट्टी कार्डावर होती. 'इथून', तिच्याच अक्षरात, तिच्याच तिरक्या वेलांटीत. रविवारी तिने ती डिस्कला लावली होती. मग इथे कोणी लावली? आपणच, डबा उघडताना, घाईत? बरंचसं पक्कं आठवत नव्हतं. काहीच पक्कं आठवत नव्हतं. स्वतःच्या अक्षराशी कोणाला भांडता येतं?

डिस्कमध्ये आता कार्डावरचंच पान होतं. शेवटी एक ओळ वाढली होती.

'जुनी रविवारपर्यंत ठेवणे.'

ती स्टुलावर बसून राहिली. शिंपिणीकडे जाऊन काय सांगायचं? तिला तर पटली होती. आणि दार ओढून कुठे निघून जायचं म्हटलं, तर नवऱ्याला कोणापाशी सोडून? तिने एवढंच केलं. वहीतून कार्ड काढून ठेवलेलंच होतं. कार्ड आणि डिस्क, दोन्ही तिने डब्यात घातली, डबा फडक्यात बांधला आणि पोटाशी धरला. वही पोकळ. पोकळ वही काय वाचणार?

८

रविवारी सकाळी आठला ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती, डबा मांडीवर. नवरा आला. "अहो बाई, जरा वाट देता?" तिने पाय बाजूला घेतले. तो आत गेला. दार लागलं.

काही नसेल तिथे, ती स्वतःला सांगत होती. काळा पडदा असेल. तो गोंधळेल, बाहेर येईल, मी त्याचा हात धरेन आणि पहिल्यापासून सांगेन, रोज सांगेन, पटेपर्यंत सांगेन.

आतून आवाज आला. खर्र, खर्र, टक.

तिने डबा चाचपला. गाठ जशीच्या तशी. हलवला तर आत डिस्क पत्र्याला लागत होती, जड, मुकी. खर्र, खर्र, टक, आतून, पूर्वीसारखा, निरोगी, दोन वर्षं ज्याची वाट बघितली तोच.

"अगं, चहा."

ती उठलीही. सवयच तशी. पाय आपोआप सरळ झाले, हात भांड्याकडे गेला.

"आणते," आतून उत्तर आलं. आवाज तिचाच होता, फक्त वर्षानुवर्षांचा खरखरीतपणा त्यातून कोणी तरी पुसून घेतला होता.

दार हातभर उघडलं. नवरा उंबऱ्यात आला. त्याच्या खांद्यावर मागून एक हात टेकला होता. बोटं तिची, नखं तिची, मनगटाचं हाडही तसंच पुढे आलेलं. अंगठ्याच्या बुडाशी खूण नव्हती. कातडी साफ, कोरी. हाताच्या मागे खोलीत उजेड होता, आणि त्या उजेडात कोणी उभं होतं की नाही, हे तिने पाहिलं नाही. पाहता आलं नाही.

"तुम्ही बसा बाई," नवरा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर तेच जुनं, ओळखीचं हसू होतं, आणि ते तिच्यासाठी नव्हतं. "तुम्ही फार केलंत आमच्यासाठी. ही म्हणत होती, तुमचा आजचा शेवटचा दिवस ना?"

तिला म्हणायचं होतं, मी फटकळ आहे. मनावर घेऊ नकोस. एवढी दोनच वाक्यं. ती स्टुलावर परत बसली, डबा पोटाशी धरून.

हात खांद्यावरून मागे गेला. नवरा वळून आत गेला. दार तसंच हातभर उघडं राहिलं.

मागच्या खोलीतले पाचही कप्पे तिला आवाजावरून ओळखू यायचे. वरचा हलका, दुसरा करकरता, मधले दोन जुळे. आता जो सरकला तो सगळ्यात खालचा होता, हातोडीचा. गुडघ्याचा धक्का लागतो त्याला, ती ऐकत राहिली, धक्क्याची वाट बघत.

धक्का लागला नाही. कप्पा या वेळी अडकला नाही.